धक्का निसर्गाचा की माणसाचा? कोयना, किल्लारी आणि ओळखण्याच्या कसोट्या

कृष्णाकाठ
पाटण, चिपळूण, शिराळा भागात धक्का जाणवला की तासाभरात दोन तऱ्हेचे निरोप फिरू लागतात. एक म्हणतो धरणामुळेच झालं. दुसरा म्हणतो धरणाचा काही संबंध नाही, जमीन आहे ती हलणारच. दोन्ही बाजू ठाम असतात, पण कारण कोणीच देत नाही. शास्त्रज्ञ हे नेमकं कशावरून ठरवतात? भूकंपमापकाच्या आलेखावर काही वेगळं दिसतं का? की तारखा जुळवून अंदाज बांधतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं, आकड्यांसकट. सोपं केलं नाहीत तरी चालेल.

तरंगलेखा
आधी प्रश्नाचे दोन भाग करू, कारण बहुतेक चर्चा इथेच घसरते.

पहिला भाग: हा भूकंप आहे की स्फोट, की खाणीचं छत कोसळलं? हे आलेखावरून बऱ्यापैकी कळतं. दुसरा भाग: भूकंपच आहे, पण त्याला माणसाने चालना दिली का? हे एका आलेखावरून कळत नाही. दोन्हींत फॉल्टच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींवरून सरकतात आणि लहरी त्याच निघतात. पाण्याच्या दाबाने सरकलेला फॉल्ट आणि आपोआप सरकलेला फॉल्ट वेगळी सही करत नाहीत.

पहिल्या भागाची कसोटी अशी. स्फोट सगळ्या बाजूंना खडक बाहेर ढकलतो, म्हणून प्रत्येक मापन केंद्रावर पी लहरीची (सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरीची) पहिली हालचाल वरच्या दिशेने येते. छत कोसळलं तर उलट, सगळीकडे खाली. फॉल्ट सरकला तर चार पाकळ्या पडतात, समोरासमोरच्या दोन वर आणि दोन खाली. अमेरिकेत यूटामधल्या क्रँडल कॅन्यन कोळसा खाणीत ६ ऑगस्ट २००७ ला ३.९ चा धक्का नोंदला गेला. आधी भूकंप झाला आणि मग खाण कोसळली, असं एक म्हणणं होतं. पण पहिल्या हालचाली सगळीकडे आतल्या दिशेने होत्या, म्हणजे कोसळणं हाच तो धक्का होता.

शिवाय स्फोटात पी नंतर पोचणारी एस लहर पी च्या मानाने अशक्त असते. अणुचाचण्या ओळखताना हेच गुणोत्तर पाहतात, आणि पृष्ठलहरींवरून (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरींवरून) काढलेलं मॅग्निट्यूड, म्हणजे धक्क्याच्या मोठेपणाचा आकडा, पी लहरींवरच्या मॅग्निट्यूडपेक्षा किती कमी पडतं तेही पाहतात.

खाणपट्टा
वरच्यात खाणीतल्या सुरुंगांची भर घालतो, कारण लहान धक्क्यांच्या याद्यांत सर्वात जास्त भेसळ त्यांचीच असते. वणी-चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणी असोत की चुनखडीच्या, सगळी भोकं एकदम उडवत नाहीत. ओळीने, मध्ये १७, २५ किंवा ४२ मिलिसेकंदांचं अंतर ठेवून उडवतात, म्हणजे आसपासच्या घरांना हादरा कमी बसतो. हे ठरलेलं अंतर आलेखाच्या वर्णपटात (कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे त्या चित्रात) पट्ट्यांच्या रूपात उमटतं. २५ मिलिसेकंद असतील तर ४० हर्ट्झजवळ जोर दिसतो. नैसर्गिक धक्क्यात असे समान अंतरावरचे पट्टे नसतात. मात्र यंत्र सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं काहीच दिसत नाही, आणि यंत्रातल्या गाळणीमुळे प्रत्यक्षात ४० च्या आसपासच नोंद मलूल होते. पट्टे बघायचे तर २०० नमुने हवेत.

सोपी कसोटी घड्याळाची. यादीतले धक्के तासवार मोजा. सुरुंग दिवसा, कामाच्या वेळेत आणि बहुधा ठरावीक तासांना उडतात. दुपारी मोठा उंचवटा आणि साप्ताहिक सुटीला शुकशुकाट दिसला तर यादीत सुरुंग मिसळलेत. उलट खरे लहान भूकंप रात्री जास्त नोंदले जातात, कारण दिवसा वाहनं, पंप, वारा यांच्या गोंगाटात ते बुडतात. रात्रीचे जास्त दिसले म्हणून कोणी चंद्राशी नातं जोडू नये.

पाणलोट
आता दुसरा भाग, म्हणजे खरी अडचण. इथे कोयनेइतकं चांगलं उदाहरण जगात क्वचित.

धरणाची उंची १०३ मीटर, त्याच्या शिवाजीसागर जलाशयाचा साठा सुमारे २,८०० दशलक्ष घनमीटर. १९६१-६२ पासून पाणी अडवायला सुरुवात झाली आणि लवकरच परिसरात हादरे जाणवू लागले. तोवर हा भाग जवळजवळ भूकंपरहित मानला जात होता. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचाच्या वरचा धक्का आला आणि ११ डिसेंबरच्या पहाटे सव्वाचारनंतर ६.३ चा. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, जवळपास दोनशे माणसं गेली. त्या वर्षी तलावाची पातळी तोवरच्या सर्वांत वरच्या टप्प्यात होती आणि तिथे जास्त काळ टिकली होती.

पण केवळ "धरण झालं, मग भूकंप झाला" एवढ्यावर कोणी निकाल दिलेला नाही. पुढच्या सहा दशकांत चार गोष्टी साठत गेल्या, आणि माझ्या मते वजन या चारींच्या एकत्र असण्याला आहे.

जागा: धक्के साधारण ३० गुणिले २० किलोमीटरच्या पट्ट्यात कोंडलेले आहेत. त्याबाहेर ५० किलोमीटरपर्यंत दुसरा असा सक्रिय पट्टा नाही.

वेळ: जून ते ऑगस्ट तलाव भरतो, आणि सप्टेंबर ते डिसेंबर धक्के वाढतात. दुसरी लहान वाढ तलाव उतरताना, फेब्रुवारीच्या सुमारास दिसते.

स्थलांतर: दक्षिणेला वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठू लागलं, आणि १९९३ पासून धक्क्यांचा जोर वारणेच्या बाजूला सरकला. डिसेंबर १९९३ आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तिकडे पाचाच्या आसपासचे धक्के आले. मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो. नवा तलाव आला आणि जुन्या पट्ट्याचं दुसरं टोक जागं झालं.

स्वभाव: एनजीआरआय या हैदराबादच्या भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास जलाशयाजवळच्या भूकंपमालिकांचा स्वभाव मांडला. मोठ्या धक्क्याआधी पूर्वधक्क्यांची लांब रांग. लहान धक्क्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त. पश्चात धक्के हळूहळू विझणं. आणि सर्वांत मोठा पश्चात धक्का मुख्य धक्क्याच्या फार मागे नसणं. सामान्य मालिकेत हा फरक सरासरी १.२ मॅग्निट्यूडचा असतो, जलाशयाजवळ तो बराच कमी भरतो.

काळीमाती
पाणलोट, छान लिहिलंत. पण दोन शंका राहतात. पाणी १९६२ ला अडवलं तर मोठा भूकंप पाच वर्षांनी का? आणि दुसरी, भूकंप होतात पाच-सात किलोमीटर खोलीवर. तिथे वरच्या खडकाचंच वजन इतकं प्रचंड, त्यात शंभर मीटर पाण्याने काय फरक पडणार?

भूजलवेध
दोन्ही शंकांचं उत्तर एकाच जागी आहे, वजनात नाही तर दाबात.

हिशेब करा. पाच किलोमीटर खोलीवर खडकाचा दाब सुमारे १३० मेगापास्कल. शंभर मीटर पाण्याचा १ मेगापास्कल. म्हणजे एक टक्काही नाही, तुमची शंका रास्त आहे. पण फॉल्ट अडून राहतो तो घर्षणामुळे, आणि घर्षण ठरतं दोन बाजू एकमेकींवर किती आवळल्यात त्यावर. भेगांतल्या पाण्याचा दाब त्या आवळण्यातून वजा होतो. वर्षानुवर्षं ताण साठून फॉल्ट आधीच सरकण्याच्या कडेवर असेल तर मेगापास्कलचा दहावा हिस्साही पुरतो. म्हणून कोयनेला नेमका शब्द "चालना मिळालेला भूकंप" हा आहे. ऊर्जा भूगर्भातल्या ताणाची, पाण्याने वेळ अलीकडे आणली.

उशीर का, तर दाब खडकांच्या भेगांतून पसरत जातो आणि त्याला वेळ लागतो. दाबाची आघाडी किती पुढे गेली याचं ढोबळ सूत्र: ४ गुणिले पाय (३.१४) गुणिले प्रसरणांक (खडकात दाब किती झपाट्याने पसरतो तो आकडा) गुणिले सेकंद, आणि त्याचं वर्गमूळ. प्रसरणांक १ चौरस मीटर प्रतिसेकंद धरला तर शंभर दिवसांत सुमारे १० किलोमीटर. ०.१ धरला तर त्याच काळात सव्वातीन किलोमीटर. भेगाळलेल्या कठीण खडकात हा आकडा साधारण ०.१ ते १० मध्ये असतो. ऑगस्टला तलाव भरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला धक्के वाढतात, हे यात बसतं. पहिल्या भरण्यानंतर मात्र काही वर्षं जावी लागतात, कारण खोलवरचा दाब दर पावसाळ्यात थोडा थोडा चढत जातो.

तलावाच्या वजनाचा परिणाम वेगळा आणि तत्काळ असतो. तो फॉल्टच्या प्रकारावर अवलंबून. उभ्या दाबाने आडवा सरकणारा किंवा खाली घसरणारा फॉल्ट काही ठिकाणी सैल होतो, पण एक बाजू दुसरीवर चढणारा फॉल्ट उलट दाबून धरला जातो.

कोयनेत हे केवळ कागदावर नाही. कराडच्या विवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेने गोठणे इथे ३ किलोमीटरचं चाचणी-विवर घेतलं, २०१७ मध्ये ते पूर्ण झालं. सुमारे १,२४७ मीटर बेसाल्ट (लाव्हाचा काळा खडक), आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइसचा कठीण पायाखडक, मध्ये गाळाचे थर नाहीत. म्हणजे पाणी जायचं ते कठीण खडकातल्या भेगा आणि फॉल्ट यांतूनच.

विदासंच
ज्यांना स्वतः याद्या उतरवून पडताळा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. यात चुका होतात त्या गणितात कमी, विदेत (मूळ आकडेवारीत) जास्त.

वेळ आधी बघा. आंतरराष्ट्रीय याद्या जागतिक वेळेत असतात. कोयनेचा भूकंप तिथे १० डिसेंबर १९६७, २२:५१ असा सापडेल, आपल्याकडे तो ११ तारखेचा. साडेपाच तास मिळवले नाहीत तर तासवार आलेख पूर्ण चुकतो आणि दुपारचे सुरुंग सकाळचे होऊन बसतात.

खोलीच्या रकान्यात ५, १०, ३३ असे गोल आकडे पुन्हा पुन्हा दिसले तर ती मोजलेली खोली नव्हे, गणित सुटावं म्हणून गृहीत धरलेली आहे. खोली खरी हवी तर एक तरी केंद्र भूकंपाच्या खोलीइतक्या, फार तर दीडपट अंतरावर हवं. "१० किमी खोल होता, म्हणून धरणाचा नाही" किंवा "५ किमीच होता, म्हणून धरणाचाच" ही दोन्ही विधानं अशा आकड्यावर उभी असतील तर सोडून द्या. स्थानाचीही तीच गत. केंद्रं विरळ असतील तर ५-१० किलोमीटरची चूक सहज होते, आणि तेवढ्यात धक्का तलावाखाली येतो किंवा तलावापासून लांब जातो.

मग यादी कुठून पुढे पूर्ण आहे ते ठरवा. मॅग्निट्यूडनुसार संख्या मांडा. लहानाकडे जाताना संख्या वाढत जाते आणि एका ठिकाणी अचानक गळते. ती पूर्णतेची मर्यादा, तिच्याखालचे धक्के मोजायचे नाहीत. नवी केंद्रं बसली की ही मर्यादा खाली येते आणि धक्के "वाढल्यासारखे" दिसतात. धरण झाल्यावर यंत्रं बसवली जातात, त्यामुळे हा फसवा चढ जलाशयांच्या बाबतीत हमखास येतो.

लहान-मोठ्यांचं प्रमाण सांगणारं बी-मूल्य हाताने काढता येतं. मर्यादेच्या वरच्या धक्क्यांची सरासरी घ्या. आकडे ०.१ च्या पायरीने दिले असतील तर मर्यादेतून ०.०५ कमी करा, ते सरासरीतून वजा करा, आणि ०.४३४ ला त्या फरकाने भागा. उदाहरणार्थ मर्यादा २.०, सरासरी २.३५, तर फरक ०.४० आणि बी १.०९. त्यातली संभाव्य चूक म्हणजे बी भागिले धक्क्यांच्या संख्येचं वर्गमूळ. १०० धक्के असतील तर ०.११. मग १.०९ आणि १.० मध्ये फरक आहे असं म्हणता येत नाही. तीस-चाळीस धक्क्यांवरून बी काढून "मानवप्रेरित सिद्ध झालं" म्हणणं चूक आहे.

शेवटचं, पातळी आणि धक्के यांचा संबंध. आपल्याकडे तलाव दरवर्षी एकाच ऋतूत भरतो, त्यामुळे ऋतूबरोबर बदलणारी कुठलीही गोष्ट पातळीशी जुळते. पश्चात धक्के आधी वेगळे काढा, नाहीतर एका मोठ्या धक्क्याची शेपटी सगळा संबंध उभा करते. मग धक्क्यांची वर्षं आपापसांत हजार वेळा अदलाबदल करून बघा. खरा संबंध त्या हजारांतल्या बहुतेकांपेक्षा ठळक निघाला तरच त्याला वजन. विशेषतः ज्या वर्षी पातळी जुन्या उच्चांकाच्या वर गेली किंवा फार झपाट्याने चढली, ती वर्षं वेगळी उठून दिसतात का ते तपासा.

कृष्णाकाठ
विदासंच, याची प्रत काढून ठेवली. आता किल्लारी आणि पालघर. किल्लारीजवळ तेरणेचं धरण होतं, पालघरलाही धरणं आहेत. तिथे या कसोट्या काय सांगतात?

पाणलोट
किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, ६.२ च्या आसपास. लोअर तेरणा धरण जवळ आहे आणि आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लहान धक्क्यांची मालिकाही झाली होती. त्यामुळे जलाशयाचा संशय काही अभ्यासकांनी मांडला, आणि तो विचारात घेण्यासारखा होता. पण तलाव कोयनेच्या मानाने उथळ. फॉल्ट एक बाजू दुसरीवर चढणारा, म्हणजे भूजलवेध यांनी लिहिल्याप्रमाणे वजनाने उलट दाबला जाणारा. आणि मुख्य म्हणजे पश्चात धक्के विझल्यानंतर तलाव दरवर्षी भरतोय, रिकामा होतोय, पण कोयनेसारखा ऋतूबरोबर चालणारा पट्टा तिथे तयार झाला नाही. बहुतेक शास्त्रज्ञ किल्लारी नैसर्गिक मानतात आणि मलाही तेच पटतं.

पालघरची मालिका नोव्हेंबर २०१८ पासून, डहाणू-तलासरी भागात. हिला एकच मुख्य धक्का नाही, झुंडीने येणारे लहान धक्के आहेत. इथे एक सापळा आहे. पूर्वधक्के भरपूर, बी जास्त, विझणं सावकाश, ही जलाशयाची म्हणून सांगितलेली लक्षणं नैसर्गिक झुंडींतही दिसतात. शिवाय दख्खनच्या बेसाल्टात मुसळधार पाऊस स्वतःच भेगांतला दाब वाढवतो. सौराष्ट्रातही पावसाळ्यानंतर उठणाऱ्या झुंडी माहीत आहेत, आणि तिथे मोठा तलाव असावाच लागत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर धक्के वाढले एवढ्यावरून धरणाकडे बोट दाखवू नये. पाऊस आणि पातळी वेगवेगळी धरून बघावी. कमी पावसाच्या वर्षी वरच्या धरणातून पाणी सोडून तलाव भरला असेल तर ते वर्ष सोन्याचं, कारण तेव्हाच दोन्ही वेगळे पडतात.

टेक्सासकर
जलाशयाच्या बाहेरचंही लिहितो, कारण जमिनीत द्रव सोडण्याच्या प्रकरणांत पुरावा जास्त स्वच्छ मिळतो. तिथे नळ बंद करता येतो.

अमेरिकेत डेन्व्हरजवळ रॉकी माउंटन आर्सेनल या लष्करी रसायन कारखान्यात ३,६७१ मीटर खोल विहिरीत मार्च १९६२ पासून सांडपाणी सोडलं, पुढच्याच महिन्यात धक्के सुरू झाले. फेब्रुवारी १९६६ ला थांबवलं, पण सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये आले. "बंद केलं तरी भूकंप झाला, म्हणजे संबंध नाही" हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. दाब मधल्या काळात पसरतच असतो. त्यानंतर रेंजली तेलक्षेत्रात मुद्दाम प्रयोग झाला: दाब आधी गणिताने काढलेल्या मर्यादेच्या वर नेला की धक्के, खाली आणला की शांतता.

ओक्लाहोमात २००९ पूर्वी ३ च्या वरचे धक्के वर्षाला सरासरी एक-दोन असत. २०१५ मध्ये सुमारे ९००. कारण मुख्यतः फ्रॅकिंग (द्रवाच्या दाबाने खडक फोडून तेल-वायू काढणं) नव्हे, तर तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी स्फटिकी पायाखडकाच्या लगत वरच्या आर्बकल थरात परत सोडणं. ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनी इथे ५.८ चा झाला. पाणी सोडण्यावर मर्यादा आली आणि संख्या उतरली.

दाब कमी होऊनही भूकंप होतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला वायू काढून थर दबत गेला. २०१२ मध्ये हाउझिंगे इथे ३.६ चा धक्का, खोली सुमारे ३ किलोमीटर, म्हणजे वायूच्या थरातच. कोरियात पोहांगला १५ नोव्हेंबर २०१७ चा ५.५ चा धक्का भूऔष्णिक विहिरीतल्या पाण्याने उठला, असं सरकारी समितीने २०१९ मध्ये मान्य केलं. शेवटचं पाणी सोडून तेव्हा दोन महिने झाले होते.

निवाड्यासाठी डेव्हिस आणि फ्रोलिक या भूकंपशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये सात प्रश्न मांडले. अशा स्वभावाचे हे इथले पहिलेच धक्के का? पाणी सोडण्याशी वेळ जुळते का? धक्के विहिरीच्या ५ किलोमीटरच्या आत आहेत का? काही धक्के पाणी सोडण्याच्या खोलीवर आहेत का? नसतील तर तिथपर्यंत पाणी नेणारी भूरचना आहे का? विहिरीच्या तळाशी दाब पुरेसा बदलला का? आणि जिथे धक्का झाला तिथे बदलला का? पाच किंवा जास्त "हो" आले तर संबंध बळकट.

भूजलवेध
या प्रश्नांबद्दल माझा आक्षेप नोंदवतो. "हो" मोजले जातात, पण ठाम "नाही" आणि "विदाच नाही" यांना सारखंच शून्य मिळतं. धक्का १५ किलोमीटर खोल आहे हे मोजून कळलं असेल तर ते विरुद्ध बाजूचं वजन आहे, नुसतं शून्य नाही. नंतरच्या पद्धतींत म्हणूनच उलटे गुण देतात, आणि किती माहितीवर निकाल काढला हेही वेगळं सांगतात. ओक्लाहोमात पाच किलोमीटरची मर्यादाही तोकडी ठरली, मोठ्या विहिरींचा परिणाम दहा-वीस किलोमीटरवर पोचला. दुसरीकडे चीनमधल्या २००८ च्या वेंचुआन भूकंपात जवळच्या झिपिंगपू जलाशयाचा हात होता का, हा वाद आहेच. तिथला फॉल्ट मुळातच सक्रिय, त्यामुळे "इथले पहिलेच का" या पहिल्या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही.

टेक्सासकर
मान्य. प्रश्नावली म्हणून ती चांगली, गुणपत्रिका म्हणून नाही.

काळीमाती
गावात बसून उपयोगी पडेल असं काय नोंदवता येईल?

तरंगलेखा
बरंच. धक्क्याची वेळ मोबाइलच्या घड्याळात सेकंदासह लिहा. आधी लहान थरथर आणि मग मोठा हेलकावा असे दोन टप्पे जाणवले तर मधले सेकंद मोजा. त्याला ८ ने गुणलं की भूकंपनाभीपर्यंतचं (जमिनीखाली जिथे भूकंप सुरू झाला तिथपर्यंतचं) अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. एका सेकंदाच्या आत दोन्ही आले तर धक्का जवळचा आणि उथळ. गडगडाट आधी ऐकू आला का, की हालल्यावर, तेही लिहा. "उत्तरेकडून आला" असं मात्र लिहू नका, घरात बसून दिशा कळत नाही. फक्त खिडक्या-पत्रे थडथडले आणि जमीन हलली नाही, तर विमानाचा ध्वनिस्फोट किंवा सुरुंगाचा हवेतला धक्का असू शकतो. फोन करून दोन-तीन गावांतल्या वेळा विचारा. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटरनेच जातो, त्यामुळे दहा किलोमीटरवरच्या गावात तो अर्धा मिनिट उशिरा पोचतो. भूकंपाची लहर तिथे दोन-तीन सेकंदांत जाते.

ही नोंद राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या "भूकंप" ॲपवर टाका. काहीच न जाणवल्याची नोंदही तितकीच कामाची, तिच्यामुळेच पट्ट्याची कड आखता येते.

पाणलोट
त्यात विहिरीची भर. वापरात नसलेली एखादी विहीर निवडा, काठावर खूण करा, आणि आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी टेपने पाण्याची खोली मोजा. शेजारी पंप चालू असेल तर तो दिवस सोडा. पावसाचा आकडा त्याच वहीत. धरणाची रोजची पातळी जलसंपदा विभाग पावसाळ्यात जाहीर करतो, पण उन्हाळ्यातली पातळीही मिळवून ठेवा, कारण तलाव उतरतानाचे धक्के तिच्याशिवाय तपासता येत नाहीत. टक्केवारी उतरवू नका, मीटरमधली पातळी उतरवा. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, आणि तलाव वर रुंदावत जातो, म्हणून तळाजवळचे दहा टक्के आणि माथ्याजवळचे दहा टक्के सारखे मीटर नसतात.